इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताना: एकेक पायरी मागे

दिवाळीची सुट्टी संपत आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलांची ये-जा सुरू होते. शाळेने प्रोजेक्ट दिलेला असतो: एका इंग्रजी शब्दाचा उगम शोधा. ‘काका, जरा बघता का?’ म्हणत कागद पुढे येतो आणि त्यावर उत्तर आधीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे नवगती. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं. ‘डे’ म्हणजे दिवस, त्यात काय शोधायचं! तिन्ही उत्तरं चूक आहेत आणि तिन्ही चुकांचं कारण एकच: निघण्याआधीच मुक्कामाचं गाव ठरवून टाकलेलं. मोठी माणसंही हेच करतात, फक्त कागदाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर.

काम तसं अवघड नाही. आजच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि लेखी पुराव्याचा हात धरून एकेक पायरी मागे जायचं. खालचा क्रम मात्र बदलू नका. विशेषतः सहाव्या टप्प्यावर पहिल्याच दिवशी उडी मारू नका. संस्कृतशी तुलना तिथे येते आणि घाई सगळ्यांना तिचीच असते.

१. तयारी: शब्द, वही, कोश

पहिल्यांदाच करत असाल तर शब्द विचारपूर्वक निवडा. ‘डॉग’, ‘बिग’, ‘बॅड’ असे आखूड, रोजचे शब्द सोपे वाटतात, पण त्यांचं मूळ कोशकारांनाही नीट लागलेलं नाही. ‘शुगर’, ‘मसल’, ‘कँडी’ यांसारखे तीन-चार भाषांतून फिरून आलेले शब्द घ्या. त्यांचा माग स्पष्ट असतो.

वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा: भाषा, त्या भाषेतलं रूप, तिथला अर्थ, सर्वात जुनी नोंद साधारण केव्हाची, आणि हे कुठल्या कोशात मिळालं. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि नंतर ‘कुठेतरी वाचलं होतं’ यावर गाडी अडते.

कोश किमान दोन हवेत. शाळेच्या दप्तरातला खिशात मावणारा ऑक्सफर्ड या कामाचा नाही. त्याच घराण्यातला थोरला ऐतिहासिक कोश लागतो, कारण तो प्रत्येक अर्थाची जुन्यात जुनी लेखी नोंद सालासकट देतो. तो एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून बघा. मोबाइलवर ऑनलाइन एटिमॉलॉजी (म्हणजे व्युत्पत्ती) डिक्शनरी फुकट मिळते आणि सुरुवातीला ती पुरते. विक्शनरी उपयोगी आहे, पण तिथे कुणीही लिहू शकतो, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर काही लिहू नका. आपल्या बाजूला मराठीसाठी मोल्सवर्थ आणि संस्कृतसाठी मोनियर विल्यम्स हे दोन्ही कोश नेटवर शोधता येतात. शब्द भारतातून इंग्रजीत गेला असावा असं वाटलं, तर १८८६ साली निघालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ काढा. जुन्या प्रवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी तो शब्द कसा लिहिला, याचे उतारेच त्यात आहेत.

सावधान: इंटरनेटवर ‘अमुक शब्दाचं संस्कृत मूळ’ असा शोध घालू नका. जे मागाल तेच मिळेल. फक्त इंग्रजी शब्द आणि ‘एटिमॉलॉजी’ एवढंच लिहा.

२. शब्द एक आहे की दोन?

क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचं स्पेलिंग एक, उच्चार एक, पण घराणी वेगळी. पहिली दांडक्याच्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलेली. दुसरीचं जुनं रूप ‘बाक्के’सारखं होतं आणि ते स्कँडिनेव्हियाकडचं. एका मुलाने दोन्ही एकाच पानावर जोडून ‘बॅट वटवाघळाच्या पंखासारखी दिसते म्हणून’ असा निष्कर्ष काढला होता. कल्पना बरी होती.

कोशात एकाच स्पेलिंगपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून वेगळ्या नोंदी असतील, तर ते वेगळे शब्द आहेत. तुमचा अर्थ कुठल्या आकड्याखाली येतो ते बघा आणि तो आकडा वहीत शब्दाच्या डोक्यावर लिहा.

तपासा: नाम शोधताय की क्रियापद? कधीकधी दोघांचे रस्ते वेगळे असतात.

३. शब्द सोला, पण सांध्यावरच

पुढचा टप्पा उपसर्ग-प्रत्यय वेगळे करण्याचा. चूक होते ती सुरी भलत्याच जागी चालवल्याने. ‘हेलिकॉप्टर’चे सगळे जण ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे दोन तुकडे करतात. इंग्रजांनीही तेच केलं, म्हणून ‘हेलिपॅड’ झालं. खरा सांधा आहे ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये. पहिला ग्रीक ‘हेलिक्स’, म्हणजे पीळ किंवा मळसूत्र. दुसरा ग्रीक ‘प्तेरॉन’, म्हणजे पंख. हा ‘प्तेरॉन’ आणि आपला ‘पत्र’ एकाच मुळाचे. संस्कृतात पत्र म्हणजे पानही आणि पंखही, आणि धातू ‘पत्’, उडणे. उत्तरायणात बडोद्याच्या गच्च्यांवरून जो चढतो तो पतंगही याच धातूचा. इंग्रजीचा घरगुती शब्द ‘फेदर’ हादेखील याच कुटुंबातला. त्यात ‘प’चा ‘फ’ का झाला, ते सहाव्या टप्प्यात येईल.

सांधा कुठे आहे ते अंदाजाने ठरवू नका. कोशात दोन्ही तुकडे वेगवेगळे दिलेले असतात. ‘नॅव्हिगेशन’ची ‘नवगती’ झाली ती याच टप्प्यावर. ‘गेशन’ हा तुकडाच मुळात नाही. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, दोन्ही मिळून क्रियापद ‘नाविगारे’, जहाज हाकारणे. त्याला नाम करणारा प्रत्यय लागला, शब्द फ्रेंचमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचला. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही भावंडं आहेत. ‘आगेरे’ आणि संस्कृत ‘अज्’, हाकणे, हीसुद्धा. म्हणजे नातं आहे, पण ते भावंडांचं, आई-लेकीचं नाही. संस्कृतातून लॅटिनमध्ये काही गेलेलं नाही. दोघींनी ते एकाच पूर्वजाकडून घेतलंय.

४. एकेक पायरी मागे

आता मुख्य काम. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

आधी कोशातली खुणांची भाषा शिकून घ्या. ओ आणि ई ही अक्षरं जोडीने दिसली की प्राचीन इंग्रजी, साधारण ११५० पूर्वीची. एम आणि ई म्हणजे तिथून १५०० पर्यंतची मध्ययुगीन इंग्रजी. ओ आणि एफ म्हणजे जुनी फ्रेंच, एकटा एल म्हणजे लॅटिन. ‘फ्रॉम’ लिहिलं असेल तर शब्द तिथून आला. पण सी आणि एफ ही अक्षरं दिसली तर अर्थ एवढाच, की ‘तुलना करून पाहा’. ‘अकिन टू’ म्हणजे नात्यातला. या दोन खुणांना ‘तिथून आला’ असं वाचणं ही मी पाहिलेली सर्वात जास्त वेळा होणारी चूक. कोशात ‘फादर’पुढे ‘तुलना करा: संस्कृत पितर’ असतं आणि कागदावर येतं ‘फादर हा शब्द संस्कृतातून आला’. कोशकाराने जे म्हटलंच नाही, ते त्याच्या नावावर खपतं.

आणखी एक खूण म्हणजे शब्दाआधीचं तारकाचिन्ह. ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. नात्यातल्या भाषांची तुलना करून अभ्यासकांनी ते मांडलंय. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेचे सगळे शब्द असे तारकांकित असतात. वहीत उतरवताना तारा गाळू नका.

आता ‘शुगर’ घेऊन चालून बघू.

इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो. त्यामागे जुनी फ्रेंच ‘सुक्र’. त्यामागे मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’. त्यामागे अरबी ‘सुक्कर’, त्यामागे फारसी ‘शकर’ आणि त्यामागे संस्कृत ‘शर्करा’. पाच उड्या झाल्या. प्रत्येक उडीला तीन प्रश्न विचारा. दोन भाषांची माणसं तेव्हा एकमेकांना भेटत होती का? अर्थ जुळतो का? ध्वनी कसा बदलला?

पहिल्या दोन प्रश्नांना इथे अडचण येत नाही. साखर हा व्यापाराचा माल होता आणि शब्द मालाबरोबर गेला. तिसऱ्यावर थोडं थांबा. ‘शर्करा’तला ‘र्’ फारसी रूपात नाही. प्राकृतात मात्र तो आधीच गळलेला होता आणि ‘सक्करा’ झालेला होता. म्हणजे फारसीने शब्द घेतला तो पंडितांच्या संस्कृतातून नव्हे, बाजारातल्या बोलीतून, असं मानणं जास्त सरळ. पालीत ‘सक्खरा’ आहे आणि ग्रीकांनी तिकडून ‘साक्खारॉन’ नेलं, ज्यातून पुढे सॅकरीन आलं. आपल्या ‘साखर’मधला ‘ख’ही त्याच बाजूचा. फ्रेंचमधला ‘क’ इंग्रजीत ‘ग’ कसा झाला, याचं समाधानकारक उत्तर मात्र कोशकारांकडे नाही आणि तसं ते सरळ लिहितात. तुम्हीही लिहा. रकान्यात प्रश्नचिन्ह असणं हा दोष नाही. तिथे मनचं उत्तर भरणं हा दोष आहे.

जोडीला ‘कँडी’ही बघा, कारण बडोद्यात राहणाऱ्याला तिची गंमत जास्त कळेल. आमच्या घरी चहात साखर पडते. भिंतीपलीकडच्या गुजराती घरात ‘खांड’ पडते, आणि तिथे ‘साकर’ म्हटलं तर खडीसाखर पुढे येते. इंग्रजीने हे दोन्ही शब्द नेले. ‘कँडी’ ही जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुक्र कांदी’तून आली. त्यामागे अरबी ‘कंदी’, त्यामागे फारसी ‘कंद’ आणि त्यामागे बहुधा संस्कृत ‘खंड’. इंग्रजीत आली तेव्हा कँडी म्हणजे खडे धरलेली साखर. म्हणजे इंग्रजीत शुगर ही साधी साखर आणि कँडी ही खडीसाखर, तर गुजरातीत नेमकं उलट. जोडी तीच, कामं अदलाबदल झालेली. (‘खंड’च्या मागे द्राविडी मूळ असावं असंही एक मत आहे, म्हणून ‘बहुधा’ हा शब्द खोडू नका.)

तपासा: वहीतल्या प्रत्येक ओळीला साल किंवा निदान शतक आहे का? मूळ म्हणून दाखवलेली नोंद उसन्या नोंदीपेक्षा जुनी आहे ना? नसेल तर बाण उलटा असू शकतो.

सावधान: आद्याक्षरांची गोष्ट ऐकलीत की कान टवकारा. विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांतून बनला असं जिथे जिथे सांगतात, तिथे ते जवळजवळ नेहमीच खोटं निघतं. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण नव्हे. ‘न्यू’, म्हणजे नवं, याचं ते अनेकवचन आहे: नव्या गोष्टी. जुन्या लिखाणात त्याचं स्पेलिंग शेवटच्या अक्षराआधी एक जादा ‘ई’ घालून येतं, तिथेच चार दिशांचा हिशोब कोसळतो. ‘पॉश’चीही तीच गत. हिंदुस्थानला जाता-येताना जहाजाच्या सावलीच्या बाजूची खोली, तिच्या तिकिटावरची चार अक्षरं, अशी गोष्ट सांगतात. तसं तिकीट आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

५. घरचा की पाहुणा?

शाळेत आपण तत्सम, तद्भव, परभाषीय हे भेद शिकलेलो असतो. तीच नजर इंग्रजीवर फिरवा. इंग्रजीचं घर जर्मानिक (जर्मन, डच, गॉथिक यांचंच घराणं), पण घरात सामान फ्रेंच-लॅटिनचं भरलेलं. त्यामुळे एकाच प्राचीन मुळाचे दोन शब्द तिच्याकडे असतात, एक वंशपरंपरेने आलेला, एक नंतर मागून आणलेला. आपल्याकडे ‘हात’ आणि ‘हस्त’ असतात तसं, फरक इतकाच की आपला हस्त संस्कृतातला आणि तिचा लॅटिनमधला.

फुट घरचा, पेडल पाहुणा. टूथ घरचा, डेंटल पाहुणा. टेन घरचा, डेसिमल पाहुणा. फादर घरचा, पॅटर्नल पाहुणा.

आता संस्कृत शेजारी ठेवा: पद, दंत, दश, पितृ. गंमत अशी की पाहुणे शब्द संस्कृतला जास्त जवळचे दिसतात आणि घरचे लांबचे. म्हणूनच लोक पाहुण्यांकडे बोट दाखवून ‘बघा, संस्कृत!’ म्हणतात. पण डेंटल इंग्रजीत आला तो लॅटिनमधून. त्याचं दंताशी नातं लॅटिनच्या घरातून लागतं.

व्यवहारात ओळखायचं कसं? कोशातली पायऱ्यांची साखळी प्राचीन इंग्रजीत जाऊन तिथून जर्मन, डच, गॉथिक अशा नात्यागोत्याकडे वळत असेल, तर शब्द बहुतेक घरचा. फ्रेंच-लॅटिनकडे वळत असेल तर पाहुणा. वहीत शब्दाशेजारी ‘घ’ किंवा ‘प’ लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यात कुठला नियम लावायचा, ते या एका अक्षरावर ठरतं.

६. ध्वनींची कसोटी

ज्या मुलांना संस्कृतची आवड आहे त्यांना हा टप्पा सर्वात जास्त आवडतो आणि सर्वात जास्त मार्कही इथेच जातात. घरच्या इंग्रजी शब्दांचे व्यंजन संस्कृतशी ठरावीक पद्धतीनेच जुळतात. जर्मानिक शाखा वेगळी झाली तेव्हा तिचे ध्वनी एका शिस्तीत सरकले. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ साली ही शिस्त मांडली, म्हणून तिला ग्रिमचा नियम म्हणतात. कामापुरता तो असा:

संस्कृत ‘प’ तिथे इंग्रजी ‘फ’: पद आणि फुट, पितृ आणि फादर.
‘त’ तिथे ‘थ’: त्रि आणि थ्री.
मूळच्या ‘क’ तिथे ‘ह’. संस्कृतात हा ‘क’ अनेकदा ‘श’ झालेला असतो: शत आणि हंड्रेड, श्वन् म्हणजे कुत्रा आणि हाउंड.
‘द’ तिथे ‘ट’: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू.
मूळच्या ‘ग’ तिथे ‘क’. संस्कृतात त्याचा अनेकदा ‘ज’ होतो: जानु म्हणजे गुडघा आणि नी, ज्ञा आणि नो. या दोन्ही इंग्रजी शब्दांत सुरुवातीला न उच्चारलेला ‘के’ का असतो, ते आता कळलं असेल.
‘भ’ तिथे ‘ब’: भ्रातृ आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ.
‘ध’ तिथे ‘ड’: विधवा आणि विडो, मधु आणि मीड.
मूळच्या ‘घ’ तिथे ‘ग’. संस्कृतात तो ‘ह’ही होतो: हंस आणि गूज.

आता ‘डे’ आणि ‘दिवस’ घ्या. ‘डे’ घरचा शब्द आहे. संस्कृत ‘द’ असेल तर इंग्रजीत ‘ट’ यायला हवा होता, ‘ड’ आला. जोडी बाद. जर्मनमध्ये दिवसाला ‘टाग’ म्हणतात आणि प्राचीन इंग्रजी रूपातही शेवटी ‘ग’सारखा ध्वनी होता. ‘दिवस’मध्ये त्याचा मागमूस नाही. ‘डे’चं नातं काही अभ्यासक तापणं-जळणं या अर्थाच्या मुळाशी, म्हणजे आपल्या ‘दह्’शी लावतात, तेही शक्यता म्हणून. मग ‘दिव्’ कुटुंबाचं घरचं इंग्रजी भावंड कुठे आहे? ट्यूजडेमध्ये. त्यातला ‘टिव’ हा जुना जर्मानिक देव, आणि तो व आपला ‘देव’ हा शब्द एकाच मुळाचे. नियमाप्रमाणे ‘द’चा ‘ट’. रोज तोंडात असलेल्या ‘डे’शी दिवसाचं नातं नाही, आणि मंगळवारच्या इंग्रजी नावात देव बसलेला आहे.

इथे एखादी चौकस मुलगी हात वर करतेच: मग ‘डोअर’ आणि ‘द्वार’? ‘डॉटर’ आणि ‘दुहिता’? दोन्हीकडे ‘द’ला ‘ड’ आहे, आणि दोन्ही जोड्या खऱ्या आहेत. बरोबर, आणि म्हणूनच तिसऱ्या भाषेची साक्ष काढायची असते. ग्रीकमध्ये दार म्हणजे ‘थुरा’ आणि मुलगी म्हणजे ‘थुगातेर’. ग्रीकचा हा ‘थ’ सांगतो की मूळचा ध्वनी ‘ध’ होता, आणि ‘ध’ला ‘ड’ हे नियमाला धरूनच आहे. बदल संस्कृतात झालाय. ‘दुहिता’मध्ये दोन महाप्राण (ध, घ यांसारखे ‘ह’ मिसळलेले ध्वनी) लागोपाठ आले, तेव्हा पहिला हलका झाला, ‘ध’चा ‘द’ झाला. ‘द्वार’वर ‘द्वि’ची छाया पडली असावी, दाराला दोन फळ्या असतात म्हणून. अपवाद दिसला की नियम फेकून देऊ नका. अपवादाचं कारण तिसऱ्या साक्षीदाराला विचारा.

सावधान: ही कसोटी ‘घ’ शब्दांनाच लावा. ‘शुगर’ हा पाहुणा आहे, तो ग्रिमच्या नियमानंतर कित्येक शतकांनी आला. त्याला हा नियम लावून ‘जुळत नाही, म्हणजे नातं नाही’ असं म्हणणं म्हणजे आजच्या प्रवाशाला काल सुटलेल्या गाडीत शोधणं.

दुसरा सापळा आहे हुबेहूब सारखेपणाचा. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपल्या बदनाम, बदमाश, बदफैली यांतला फारसी ‘बद’. अर्थ तोच, उच्चार जवळजवळ तोच. नातं काहीही नाही. फारसीचं जुनं रूप बघा: मध्य फारसीत तो ‘वद’ होता. इंग्रजीचं जुनं रूप ‘बाड्डे’. मागे जाऊ तसे दोघे लांब जातात. खरे भावंड असते तर मागे जाताना जवळ आले असते. ही परीक्षा साधी आहे आणि क्वचितच फसवते. ‘कट’ आणि ‘कात्री’ या जोडीवर तुम्ही स्वतः करून बघा. नियमाने ‘क’ला काय यायला हवं होतं?

७. अर्थ कसा चालत आला

ध्वनी जुळले तरी अर्थाचा प्रवास पटला पाहिजे. यासाठी ‘मसल’ घेऊ. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात या शब्दाचा अभ्यास व्हायलाच हवा.

इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला, फ्रेंचमधून. फ्रेंचच्या मागे लॅटिन ‘मुस्कुलुस’. आता सोला: ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि पुढे लहानपणा दाखवणारा प्रत्यय. म्हणजे उंदरुली. इथे मुलं हसतात आणि ‘कोशाची चूक असेल’ म्हणतात. मग त्यांना दंड वाकवायला सांगतो. कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं आणि सरकतं. रोमन माणसाला त्यात उंदीर दिसला. मराठी माणसाला बेडूक दिसला, म्हणून आपण ‘दंडाची बेटकुळी’ म्हणतो. कल्पना तीच, प्राणी वेगळा.

पण आपल्याला बेटकुळी आठवली म्हणून लॅटिनचा अर्थ सिद्ध होत नाही. साक्षी हव्यात, आणि त्या आहेत. ग्रीक ‘मूस’ या शब्दाचे दोन्ही अर्थ होते, उंदीर आणि स्नायू. डॉक्टरांच्या ‘मायोकार्डियल’मधला ‘मायो’ तोच. प्राचीन इंग्रजीत ‘मूस’ म्हणजे उंदीर आणि दंडाचा स्नायूही. तीन भाषांत एकच अर्थविस्तार नोंदलेला सापडला की तो पुरावा झाला.

आता ‘घ’ आणि ‘प’ची खूण लावा. माउस घरचा, मसल पाहुणा. दोघांचं मूळ एक आणि संस्कृत ‘मूष्’, आपला मूषक, हा त्यांचा चुलत भाऊ.

तपासा: तुमच्या अर्थाच्या प्रत्येक वळणाला कुठल्या तरी भाषेत लेखी नोंद आहे का? फक्त ‘पटतं’ म्हणून लिहिलेलं वळण पेन्सिलीने लिहा. ‘सॅलरी’त लॅटिनमधलं मीठ आहे हे खरं, पण ‘रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत’ या गोष्टीला ठोस पुरावा नाही. ते वाक्य पेन्सिलीचंच.

८. कुठे थांबायचं आणि काय लिहायचं

शेवटची लेखी नोंद आली की शाईने लिहिणं थांबवा. त्यापलीकडे तारकाचिन्हाचं रूप असेल तर एक ओळ तारा लावून लिहा. त्याच्याही पलीकडे जाऊ नका.

आणि साखळी संस्कृतावरच संपली पाहिजे असा हट्ट धरू नका. मी स्वतः यात फसलोय. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द मराठी ‘मुंगूस’वरून गेला असावा असं कोशात वाचलं आणि मोठ्या अभिमानाने त्याचं संस्कृत मूळ शोधायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. संस्कृतात मुंगसाला ‘नकुल’ म्हणतात आणि त्यातून गुजराती ‘नोळियो’ आला. शेजारणीने तो शब्द वापरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की मराठीचा मुंगूस या रांगेतलाच नाही. त्याची भावंडं तेलुगू आणि कन्नडमध्ये आहेत, ‘मुंगिस’, ‘मुंगिसि’ अशा रूपांत.

वहीतलं पान शेवटी असं उतरलं:

इंग्रजी ‘मंगूस’, सतरावं शतक. स्पेलिंगच्या शेवटी ‘गूज’ दिसतो, पण हंसाशी संबंध नाही, ओळखीच्या शब्दाकडे झुकलेलं स्पेलिंग. अनेकवचन ‘मंगूसेस’.
मधला मुक्काम पोर्तुगीज? (कदाचित. पेन्सिल.)
मराठी ‘मुंगूस’, किंवा जवळपासच्या बोलीतलं तसंच रूप.
त्यामागे बहुधा द्राविडी. तुलना करा: कन्नड ‘मुंगिसि’.
संस्कृत: संबंध नाही. ‘नकुल’ वेगळा.